नाणी तोलणारा गणिती: दा. ध. कोसंबी

मोहर्ली गेटातून सफारी करून परतलेला माणूस आधी काय करतो? कॅमेऱ्यातले फोटो फोनवर घेतो आणि वाघाचा सगळ्यात भारी फोटो फॅमिली ग्रुपवर टाकतो. आठ-दहा एमबीचा फोटो पलीकडे पोचतो तेव्हा दोन-तीनशे केबीचा झालेला असतो. तरी वाघ वाघच दिसतो, पट्टेही जागेवर असतात. मग मधला एवढा डेटा गेला कुठे?

उत्तर थोडक्यात असं: फोटोत लाखो आकडे असतात, पण ते एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. एक ठिपका पिवळा असेल तर शेजारचाही बहुतेक पिवळाच असतो. म्हणून सगळे आकडे जसेच्या तसे पाठवायची गरज नसते. काही ठरावीक नमुने घ्यायचे आणि कोणता नमुना किती प्रमाणात मिसळायचा तेवढंच सांगायचं. जेपेग फोटो असाच बनतो. ८ बाय ८ ठिपक्यांचा एक चौकोन, म्हणजे ६४ आकडे, आणि त्यातले महत्त्वाचे मोजकेच ठेवायचे.

हे नमुने सगळ्यात चांगले कसे निवडायचे, याचं गणित आहे. इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत त्याला कारहुनेन-लोएव्ह पद्धत म्हणतात. फिनलंडच्या कारहुनेन यांनी ते १९४६-४७ च्या सुमारास मांडलं आणि फ्रान्सच्या लोएव्ह यांनी १९४८ साली. पण १९४३ सालीच पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या एका मराठी माणसाने हेच लिहून छापलं होतं. त्याचं नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. आता काही अभ्यासक या पद्धतीच्या नावात कोसंबींचं नाव सगळ्यात आधी लावतात.

गंमत अशी की बहुतेक लोक कोसंबींना ओळखतात ते इतिहासकार म्हणून. एमपीएससी-यूपीएससी करणाऱ्या मित्राला विचारा, तो लगेच सांगेल. एकाच माणसाचं नाव डेटा कॉम्प्रेशनमध्ये, झाडांच्या जीन मॅपिंगमध्ये आणि प्राचीन भारताच्या इतिहासात कसं येतं? आजचा लेख त्याबद्दल आहे. आणि वेगळा विचार करतात म्हणजे नेमकं काय करतात, त्याबद्दलही.

घरातूनच मिळालेला वारसा

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातला. तेव्हा गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. वडील धर्मानंद कोसंबी म्हणजे वेगळंच प्रकरण. बुद्धाबद्दल वाचून त्यांना एवढी ओढ लागली की १८९९ मध्ये त्यांनी घर सोडलं. आधी पुणे आणि काशीला संस्कृत शिकले, मग नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा प्रवास करून पाली शिकले. हातात पैसा नाही, कुणाची शिफारस नाही. पुढे याच माणसाला हार्वर्ड विद्यापीठाने पाली ग्रंथांच्या कामासाठी अमेरिकेला बोलावलं.

१९१८ साली धर्मानंद पुन्हा हार्वर्डला निघाले तेव्हा मुलगा दामोदर आणि मुलगी माणिक सोबत होती. अकरा वर्षांचा दामोदर पुण्यातून थेट अमेरिकेतल्या शाळेत गेला. १९२९ मध्ये तो हार्वर्डमधून उत्तम गुणांनी पदवीधर झाला. गणित तर होतंच, शिवाय युरोपातल्या अनेक भाषाही तो शिकला.

त्याच वर्षी जगभर मंदी आली. कोसंबी भारतात परतले आणि बनारस हिंदू विद्यापीठात शिकवायला लागले. तिथून अलीगढला गेले. अलीगढला गणित विभाग सांभाळत होता आंद्रे वेइल नावाचा तरुण फ्रेंच गणिती, जो पुढे विसाव्या शतकातल्या मोठ्या गणितींपैकी एक ठरला. त्यानंतर १९३३ च्या सुमारास कोसंबी पुण्याला फर्ग्युसनमध्ये आले.

अस्तित्वातच नसलेला गणिती

या काळातला एक किस्सा सांगायलाच हवा. कोसंबींचं एका सहकाऱ्याशी पटत नव्हतं. वेइलने त्यांना एक खोडी सुचवली. १९३१ मध्ये कोसंबींनी एक खरा शोधनिबंध लिहिला आणि त्यातल्या प्रमेयाचं श्रेय दिलं डी. बूर्बाकी नावाच्या एका रशियन गणितीला. असा गणिती जन्मालाच आला नव्हता! पण निबंध रीतसर छापून आला.

काही वर्षांनी वेइल आणि त्याच्या फ्रेंच मित्रांनी मिळून गणिताची पुस्तकं लिहायला घेतली. त्या गटाने स्वतःसाठी टोपणनाव घेतलं निकोला बूर्बाकी. हे नाव पुढे गणितात जगप्रसिद्ध झालं. छापील गणिती निबंधात ते पहिल्यांदा आलं, ते भारतातल्या एका नियतकालिकात, कोसंबींच्या खोडीमुळे.

किस्सा मजेशीर आहे, पण त्यातून एक गोष्ट कळते. छापून आलं म्हणजे खरं, मोठं नाव लावलं म्हणजे बरोबर, यावर कोसंबींचा कधीच विश्वास नव्हता. आज फॉरवर्डेड मेसेजखाली एखाद्या शास्त्रज्ञाचं नाव दिसलं की आपण मान डोलावतो. त्या शास्त्रज्ञाचं नाव बूर्बाकी असू शकतं, एवढं लक्षात ठेवा.

शिकायचं होतं संख्याशास्त्र, हातात आली नाणी

कोसंबींना संख्याशास्त्र, म्हणजे स्टॅटिस्टिक्स शिकायचं होतं. आपण काय करतो? कोर्स लावतो, व्हिडिओ बघतो, पुस्तकातली उदाहरणं सोडवतो. कोसंबींनी ठरवलं की एक खरा, कुणी न सोडवलेला प्रश्न घ्यायचा आणि तो सोडवता सोडवता शिकायचं. प्रश्न निवडला तो प्राचीन नाण्यांचा.

आपल्याकडची सगळ्यात जुनी नाणी म्हणजे आहत नाणी. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापायचे, वजन नीट करायचं आणि त्यावर सूर्य, झाड, डोंगर, प्राणी असे ठसे मारायचे. वजन साधारण साडेतीन ग्रॅम. त्यांवर राजाचं नाव नाही, साल नाही, अक्षरसुद्धा नाही. तक्षशिलेला अशा नाण्यांचे मोठे साठे सापडले होते. पण कोणतं नाणं आधीचं आणि कोणतं नंतरचं, हे ओळखायचं कसं? तेव्हाचे अभ्यासक ठशांचे अर्थ लावत बसायचे. हा डोंगर म्हणजे मेरू, हे चिन्ह बौद्धांचं, असं चालायचं. प्रत्येकाचा अर्थ वेगळा.

कोसंबींनी ठशांचा अर्थ सोडून दिला आणि वेगळाच प्रश्न विचारला: नाणं वापरलं की काय होतं? झिजतं. हातातून हातात, पिशवीतून पिशवीत जाताना चांदीचा थोडा थोडा अंश उडतो. म्हणजे वजन हेच घड्याळ आहे.

पण एका नाण्याच्या वजनावरून काही कळत नाही. एखादं टांकसाळीतूनच थोडं हलकं निघालेलं असतं, एखादं वर्षानुवर्षं हंड्यात पडून राहिलेलं असतं. इथे संख्याशास्त्र कामाला येतं. शेकडो नाण्यांचा गट घ्या. टांकसाळीतून निघताना सगळ्यांची वजनं एका ठरलेल्या आकड्याच्या जवळपास असतात. वापर सुरू झाला की दोन गोष्टी घडतात. गटाचं सरासरी वजन हळूहळू कमी होतं. आणि वजनांमधला फरक वाढत जातो, कारण काही नाणी खूप फिरतात, काही कमी. सरासरी आणि पसारा, या दोन आकड्यांवरून गट किती काळ चलनात होता याचा अंदाज येतो.

मग त्यांना आणखी एक दुवा मिळाला. बऱ्याच नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक बारीक ठसे असतात. कुठे एक, कुठे पाच, कुठे त्याहून जास्त. कोसंबींनी मागच्या ठशांच्या संख्येप्रमाणे गट पाडले, तर जितके ठसे जास्त तितकं सरासरी वजन कमी! त्यांनी याचा अर्थ असा लावला की नाणं चलनात असताना व्यापारी किंवा सराफ ठरावीक काळाने ते तपासत आणि आपला छोटा ठसा मारत. म्हणजे मागचे ठसे हे नाण्याच्या वयाच्या खुणा झाल्या.

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण झीज खरंच अशी होते का, हे कुणी पाहिलं होतं? म्हणून कोसंबींनी आपल्या काळातली, बाजारात चालणारी नाणी गोळा केली आणि एकेक करून तोलली. त्यांवर साल छापलेलं असतं, म्हणजे वय माहीत असतं. हजारो नाणी. संवेदनशील तराजू, एक वही आणि भरपूर चिकाटी. चालू नाण्यांमध्येही तोच नियम दिसला: वर्षं वाढतात तशी सरासरी घटते आणि पसारा वाढतो. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी आपलं मॉडेल आधी लेबल असलेल्या डेटावर तपासलं आणि मगच दोन हजार वर्षांपूर्वीच्या, लेबल नसलेल्या डेटाला लावलं.

हे निबंध १९४० पासून यायला लागले. त्यांनी काढलेल्या काही निष्कर्षांवर नाण्यांच्या अभ्यासकांनी पुढे वादही घातले. पण ढिगातल्या नाण्यांना गणिताने क्रम लावता येतो, हे त्यांनी दाखवून दिलं. मृत्यूच्या काही महिने आधी, १९६६ मध्ये, अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांचा याच विषयावर लेख आला.

१९४३ चा निबंध: मोहर्लीचं तापमान घेऊन समजून घेऊ

आता सुरुवातीच्या फोटोकडे परत येऊ. कोसंबींनी १९४३ मध्ये नेमकं काय लिहिलं? गणित बाजूला ठेवून एक उदाहरण घेऊ.

समजा मोहर्लीला एक थर्मामीटर बसवला आणि दर तासाला तापमान नोंदवलं. दिवसाचे २४ आकडे, वर्षाचे ८,७६०. पण हे आकडे मनाला येईल तसे उड्या मारत नाहीत. पहाटे कमी, दुपारी दोन-तीनला जास्त, रात्री परत कमी, असा रोजचा एक आकार असतो. मे महिन्यात तो आकार पूर्ण वर सरकतो, कारण आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. पावसाळ्यात ढग असले की दुपारचा उंचवटा सपाट होतो.

म्हणजे कोणताही दिवस असा सांगता येईल: वर्षाचा सरासरी आकार, अधिक उन्हाळा नावाचा आकार इतका, अधिक ढग नावाचा आकार इतका. तीन आकार एकदाच साठवायचे, म्हणजे ७२ आकडे. मग रोजचे फक्त दोन आकडे, म्हणजे वर्षाचे ७३०. एकूण ८०२. कुठे ८,७६० आणि कुठे ८०२! थोडी बारीकसारीक माहिती जाते, पण मुख्य चित्र तसंच राहतं.

असे आकार डोळ्यांनी निवडले तर तुमचे वेगळे आणि माझे वेगळे येतील. डेटामधूनच सगळ्यात उपयोगी आकार शोधून काढायची रीत हवी. आकड्यांच्या यादीसाठी अशी रीत आधीपासून होती. पिअर्सनने १९०१ मध्ये आणि होटेलिंगने १९३३ मध्ये ती दिली होती. तिला आज आपण पीसीए म्हणतो. कोसंबींनी तो विचार तुटक आकड्यांवरून सलग वक्रांवर नेला. म्हणजे दर तासाची नोंद नाही, तर दिवसभर अखंड चढत-उतरत जाणारी तापमानाची रेषाच घ्यायची. ती रेषा कधी कशी वळेल हे नक्की सांगता येत नसतानाही तिचे सर्वोत्तम आकार कसे मिळवायचे, हे त्यांनी मांडलं.

निबंध छापला तो भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात. महायुद्ध चालू होतं. बाहेरच्या जगाचं लक्ष तिकडे गेलं नाही, आणि कारहुनेन व लोएव्ह यांनी ते पुढे स्वतंत्रपणे शोधलं. आज हीच पद्धत विमानाच्या पंखाभोवतीच्या हवेचा अभ्यास करताना वापरतात, चेहरा ओळखण्याच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅममध्येही हीच कल्पना होती. जेपेगमध्ये ती थेट नसते, कारण प्रत्येक फोटोसाठी नवे आकार शोधणं फोनला जड जातं. तिथे १९७४ मध्ये आलेलं डीसीटी नावाचं सोपं रूप वापरतात. त्यात आकार आधीच ठरलेले असतात. ते चांगलं का मानतात? कारण त्याचं काम या सर्वोत्तम पद्धतीच्या अगदी जवळ जातं.

मी रोज डेटासोबत काम करतो. पीसीए ही आमच्याकडे एका ओळीची कमांड आहे. कॉलेजात हे शिकलो तेव्हा पुस्तकात कोसंबींचं नाव कुठेच नव्हतं. पण एक नाव मात्र सॉफ्टवेअरमध्ये टिकून आहे. पिकांच्या किंवा प्राण्यांच्या जीनचा नकाशा बनवणारे प्रोग्रॅम उघडले की मॅप फंक्शन निवडायला सांगतात, आणि पर्यायांमध्ये लिहिलेलं असतं: हॉल्डेन, कोसंबी. गुणसूत्रावर दोन जीन एकमेकांपासून किती लांब आहेत हे काढायचं ते सूत्र. कोसंबींनी ते १९४४ मध्ये दिलं. ते जीवशास्त्रज्ञ नव्हते. प्रश्न समोर आला, गणित लागू होतंय असं दिसलं आणि त्यांनी ते केलं.

तराजू सोडून पायी

नाण्यांच्या क्रमावरून राजांचा क्रम लावायचा तर जुने ग्रंथ वाचायला हवेत. त्यासाठी संस्कृत पक्कं हवं. ते पक्कं करायला कोसंबींनी भर्तृहरीची सुभाषितं घेतली. तर लक्षात आलं की प्रत्येक प्रतीत श्लोक वेगळे, कमी-जास्त. मग शेकडो हस्तलिखितं ताडून पाहिली आणि १९४८ मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली. बघा, माणूस निघाला होता स्टॅटिस्टिक्स शिकायला!

ग्रंथ वाचताना त्यांना कळलं की ग्रंथांत राजे आहेत, ब्राह्मण आहेत, पण शेतकरी, धनगर, पारधी यांचं जगणं जवळपास नाहीच. मग त्यांचा इतिहास कुठे शोधायचा? कोसंबी पुण्याच्या आसपास पायी फिरायला लागले. टेकड्या, जुन्या वाटा, कार्ल्या-बेडशाची लेणी, गावाबाहेरचे म्हसोबा-वेताळ, आईदेवतांचे तांदळे. धनगर मेंढ्या घेऊन ज्या वाटांनी जातात त्यांच्या कडेला त्यांना अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारं सापडली. देवांची ठाणी आणि या जुन्या वाटा यांचा मेळ बसत होता. म्हणजे माणसांचं येणंजाणं लिखित इतिहासाच्या कितीतरी आधीपासून त्याच रस्त्यांनी चालत आलंय आणि देव त्याच्या खुणा सांभाळून आहेत, असं त्यांनी मांडलं.

कोसंबींची ही नजर घेऊन आमच्या भागात बघितलं तर किती प्रश्न पडतात! ताडोबा हे नावच आदिवासींच्या तारू या देवावरून आलं असं इथे सांगतात, आणि त्याचं ठाणं तळ्याच्या काठी आहे. तिथेच का? तिथून कोणत्या वाटा जायच्या? यात्रेला कोणकोणत्या गावांची माणसं यायची? याची उत्तरं सर्च करून मिळत नाहीत. आजीला विचारावी लागतात.

या सगळ्यातून १९५६ साली त्यांचं भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं पुस्तक आलं. राजांच्या याद्या सोडून लोक पोट कसं भरत होते, शेती कशी पसरली, अवजारं कोणती होती, यावरून इतिहास लिहायचा, हा त्याचा गाभा होता. त्यांनी मार्क्सची पद्धत घेतली, पण ती पोथीसारखी वापरली नाही. युरोपात समाज ज्या पायऱ्यांनी बदलला त्याच पायऱ्या भारताला जशाच्या तशा लावता येणार नाहीत, असं ते म्हणत. त्यामुळे परंपरावाद्यांशी आणि डाव्यांशी, दोघांशीही त्यांचे खटके उडाले.

सूर्य की अणू?

१९४५ च्या सुमारास होमी भाभांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था काढली, तेव्हा कोसंबींना बोलावून घेतलं. कोसंबी पुण्यात राहायचे आणि डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करायचे. १९४८-४९ मध्ये ते युनेस्कोच्या फेलोशिपवर इंग्लंड-अमेरिकेला गेले. कशासाठी? इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांचा अभ्यास करायला. कॉम्प्युटर हा शब्दसुद्धा तेव्हा आपल्याकडे रुळला नव्हता.

पुढे भाभा देशाच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे प्रमुख झाले. अणुऊर्जा म्हणजे प्रगती, असं वातावरण देशात होतं. त्यांच्याच संस्थेत बसून कोसंबी जाहीरपणे वेगळं बोलत होते. १९६० मध्ये पुण्यातल्या एका भाषणात त्यांनी हिशोब मांडला: अणुभट्टीला भांडवल प्रचंड लागतं, तिचा किरणोत्सारी कचरा सांभाळावा लागतो, आणि आपल्या देशावर तर वर्षातले बहुतेक दिवस ऊन फुकट पडतं. मग आपलं संशोधन सूर्याकडे का नको? सौरऊर्जा जिथे लागते तिथेच तयार करता येते, ती गावागावात पोचू शकते, असं त्यांचं म्हणणं होतं.

लक्षात घ्या, तेव्हा सोलर पॅनल ही चैनीची गोष्टसुद्धा नव्हती. अमेरिकेत बेल लॅब्जने पहिला कामाचा सिलिकॉन सोलर सेल दाखवला १९५४ मध्ये. त्याची क्षमता होती साधारण ६ टक्के. अशा वेळी हे बोलणं म्हणजे वेड्यात निघण्यासारखं होतं.

मोहर्लीतून हे वाचताना वेगळं वाटतं. गावाशेजारी इरई धरणाचं पाणी पसरलंय. ते धरण चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राला पाणी देण्यासाठी बांधलं. केंद्राची क्षमता आज २,९२० मेगावॉट, आणि सगळी कोळशावर. धूर, राख, खाणी, हे चंद्रपूरकरांना सांगायला नको. दुसरीकडे जंगलातल्या कोरड्या पाणवठ्यांवर उन्हाळ्यात सौर पंप चालतात आणि वाघ-गवे तिथे पाणी पितात. कोसंबी म्हणाले ते जसंच्या तसं झालं, असं नाही. अणुवीजही देशात आहे आणि तिच्या बाजूनेही मुद्दे आहेत. पण सगळे एकाच दिशेला बघत असताना कुणीतरी हिशोब मांडून दुसरी दिशा दाखवली होती. ती तेव्हा गांभीर्याने तपासली गेली असती तर? हा प्रश्न कोळशाच्या राखेत राहणाऱ्या माणसाला पडणारच.

पडझड

आता कमी सांगितली जाणारी बाजू. १९५९ मध्ये कोसंबींनी रीमान गृहीतक सिद्ध केल्याचा दावा छापला. हा मूळ संख्यांबद्दलचा प्रश्न १८५९ पासून अडलेला आहे आणि आजही सुटलेला नाही. तो सोडवणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस आहे. कोसंबींनी संभाव्यतेच्या मार्गाने सिद्धता दिली आणि ती छापली कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात, जिथे अंकसिद्धांताचे जाणकार फिरकत नाहीत. सिद्धता टिकली नाही. गणितींच्या जगात त्यांचं नाव खाली आलं.

१९६२ मध्ये टाटा संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. अणुऊर्जेवरची टीका, भाभांशी बिघडलेले संबंध, रीमानचं प्रकरण, इतिहासात जाणारा वेळ, असं बरंच काही त्यामागे साचलेलं होतं. दोन वर्षांनी त्यांना मानद वैज्ञानिक म्हणून पुण्यातल्या संस्थेत जागा मिळाली. २९ जून १९६६ रोजी झोपेतच त्यांचं निधन झालं. वय ५८.

मला कोसंबींच्या आयुष्यात नाणी आणि रीमान या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघाव्याशा वाटतात. माणूस तोच. बुद्धी तीच, हिंमतही तीच. नाण्यांच्या वेळी त्यांनी आपली कल्पना आधी खिशातल्या नाण्यांवर तपासली. वजन खोटं बोलत नाही, कल्पना चुकली असती तर तराजूने लगेच सांगितलं असतं. रीमानच्या वेळी तो तराजू म्हणजे दुसरे जाणकार होते, आणि त्यांच्यासमोर सिद्धता नीट ठेवली गेली नाही. विचार स्वतःचा असणं पुरेसं नसतं. तो चुकीचा असेल तर कळेल कसं, याची सोय आपणच करून ठेवावी लागते.

आज कोणताही प्रश्न एआयला टाकला की दोन सेकंदात नीटनेटकं उत्तर येतं. ते उत्तर म्हणजे बहुतेक वेळा आधी लिहिलेल्या गोष्टींची सरासरी असते. उपयोगी असते, मीही वापरतो. पण नाण्यांवरच्या ठशांचा अर्थ काय, असं कुणी १९४० मध्ये अशा यंत्राला विचारलं असतं, तर मेरू पर्वत आणि बौद्ध चिन्हं हेच उत्तर आलं असतं. तराजू आण, असं ते म्हणालं नसतं. ते सुचायला कुणीतरी नाणं हातात घेऊन उलटंपालटं करावं लागतं.

करून बघा

कोसंबींचा प्रयोग तुम्ही घरी करू शकता. सोनार वापरतात तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतो. किराणा दुकानातून किंवा घरातल्या गल्ल्यातून एकाच किमतीची आणि एकाच डिझाइनची नाणी जमवा. डिझाइन बदललं की मूळ वजन आणि धातूही बदलतो, म्हणून मिसळू नका. सालाप्रमाणे गट करा, प्रत्येक गटात निदान ३०-४० नाणी. प्रत्येक नाणं तोला आणि फोनवरच्या स्प्रेडशीटमध्ये भरा. सरासरी काढा, पसारा काढा, सालाप्रमाणे आलेख काढा.

आजची बरीच नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत, चांदीपेक्षा कमी झिजतात. त्यामुळे रेषा खाली उतरताना दिसेल की नाही? दिसायला किती नाणी लागतील? उत्तर मी देत नाही. काट्यावर ठेवा आणि बघा.